शंकेची वही : परासियाच्या खदानी आणि बाबांचे नकाशे



गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर छिंदवाडा-परासियाच्या जुन्या मराठी घरांबद्दल बरंच लिहून आलं. गणपतीतली नाटकं, नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन, सौंसरची संत्री, कुणाच्या आजीचं हळदीकुंकू. वाचून फार बरं वाटलं. पण सगळं वाचून झाल्यावर एक गोष्ट मनात राहिली. ज्या कोळशासाठी आपले आजोबा-वडील तिकडे गेले, त्या खदानीबद्दल कुणी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या. म्हणून हा प्रयत्न. लांबला आहे, सवडीनं वाचा.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. पण माझे बाबा परासिया भागातल्या एका खदानीच्या सर्व्हे ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आता नातवंडांना सांगावं लागतं. सर्व्हेअर खदानीत उतरून मापं घेऊन येतो. ती मापं कागदावर मांडली की त्यावर मेणचट, पारदर्शक कापड पसरून काळ्या शाईनं सगळा नकाशा पुन्हा काढायचा, हे ट्रेसरचं काम. जमिनीखाली कुठली गल्ली कुठवर गेली, कुठे वळली, कुठे थांबली, हे सगळं त्या कापडावर. मजूर बाबांना 'नकशाबाबू' म्हणत. बाबा स्वतः महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खाली जात असतील, पण जमिनीखालचा आपला भाग त्यांना मोहल्ल्यासारखा पाठ होता.

१० डिसेंबर १९५४. मी पाच वर्षांचा. मला स्वतःला एवढंच आठवतं, की त्या रात्री बाबा घरी आले नाहीत आणि आई दार लावत नव्हती. बाकीचं आईकडून नंतर कळलं. परासियाजवळच्या न्यूटन चिखली खदानीत पाणी शिरलं होतं. ६३ माणसं गेली. बाबांची खदान वेगळी होती, पण अशा वेळी आपली-परकी काही राहत नाही, आसपासची सगळी माणसं तिकडे धावली. आमच्याकडे दूध घालणारी बाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिचा थोरला मुलगा त्या पाळीत होता. पुढे बरेच दिवस तिची धाकटी मुलगी चरवी घेऊन यायची, आणि आई तिला काही न बोलता गूळ-चपाती द्यायची.

तेव्हा आपण मध्य प्रदेशातच होतो, पण त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळ झाली आणि छिंदवाडा इकडेच राहिला. त्या धांदलीत आपल्या लोकांच्या बोलण्यात बदल्या, भाषा, शाळा हेच विषय आले. न्यूटन चिखलीचे ६३ लोक मागे पडले. खरं सांगायचं तर त्यांतले बहुतेक आपल्या बैठकीत येणारे नव्हतेच. आपली माणसं ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत. खाली उतरणारे बहुतेक गोंड आणि बाहेरून आलेले मजूर. आपल्या आठवणींत खदान का नाही, याचं एक कारण हेही असावं. असो.

बाबा मात्र ते विसरले नाहीत. मी मोठा झाल्यावर त्यांनी मला जे समजावून सांगितलं आणि पुढे मी थोडंफार वाचून जे जुळवलं, ते इथे मांडतो.

जमिनीखाली कोळसा थराथरानं असतो. आपल्याकडे जुनी पद्धत अशी, की थरात आडव्या-उभ्या गल्ल्या खणत जायच्या. मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, ते वरचं छत तोलून धरतात. वरून पाहिलं तर नकाशा एखाद्या आखीव पेठेसारखा दिसतो, रस्ते आणि मधले वाडे. या खांबांना पिलर म्हणतात. कोळसा संपत आला की शेवटी हे पिलरही काढून घेतात, मागे छत कोसळतं. त्या कोसळलेल्या भागाला आमच्याकडे 'गोफ' म्हणायचे. मग ती जागा सोडून द्यायची आणि पुढे किंवा खालच्या थरात जायचं.

आता इथे खरी गोम आहे. माणसं निघून गेली, पंप बंद झाले, की त्या रिकाम्या गल्ल्यांत पाणी साठायला लागतं. पावसाचं झिरपतं, दगडातलं पाझरतं. वर्षं जातात. कंपनी बदलते, मॅनेजर बदलतात, ज्यांनी ती गल्ली खणली ते म्हातारे होऊन गावी जातात. पाणी मात्र तिथेच राहतं, दरवर्षी थोडं वाढत. आणि एक दिवस शेजारून किंवा खालून नवी गल्ली खणत कुणीतरी त्या दिशेनं येतो. मधला कोळसा पातळ होत जातो. शेवटचा सुरुंग लागतो किंवा नुसत्या दाबानंच ती भिंत फुटते, आणि इतक्या वर्षांचं पाणी काही मिनिटांत आत येतं. खाली उतारावर काम करणाऱ्याला पळायलाही वेळ मिळत नाही.

बँकेत आम्ही शिल्लक पुढे ओढतो. एक पान संपलं की खालची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायची. ती लिहायची राहिली, तर पुढची सगळी पानं चुकतात, आणि चूक लिहिणाऱ्याच्या नाही तर दहा वर्षांनी त्या टेबलावर बसणाऱ्याच्या गळ्यात येते. जुन्या गल्लीतलं पाणी ही तशीच पुढे ओढायची शिल्लक आहे. ती ओढायची जागा म्हणजे नकाशा. बाबांचं काम मला समजलं ते या मार्गानं.

हे दुखणं आपल्या देशापुरतं किंवा त्या काळापुरतं नाही. १८१५ साल इतिहासात डेव्हीच्या सुरक्षा दिव्यासाठी प्रसिद्ध आहे. खाणीतल्या वायूचा भडका उडू नये म्हणून हम्फ्री डेव्हीनं ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या हीटन खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या कामातलं पाणी फुटलं आणि ७५ माणसं आणि पोरं गेली. त्यांचे देह हाती लागायला पुढचं वर्ष उजाडलं. दिवा सगळ्यांना माहीत आहे, हीटन कुणाला माहीत नाही. त्या खाणीचे प्रमुख जॉन बडल हे त्या काळचे नावाजलेले खाण-अभियंते. सोडून दिलेल्या खाणींचे नकाशे एका ठिकाणी जपून ठेवले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी पुढे धरला. तिथल्या कायद्यानं खाण बंद करताना नकाशा सरकारजमा करण्याची सक्ती केली ती १८७२ मध्ये. म्हणजे साधी गोष्ट कायद्यात यायला सत्तावन्न वर्षं लागली.

आपल्याकडे खाणींचा पहिला कायदा १९०१ चा. १९०२ मध्ये तपासणीचं सरकारी खातं कलकत्त्याला सुरू झालं आणि १९०८ मध्ये धनबादला गेलं. पण १९५० च्या दशकात एकामागून एक धक्के बसले. १९५४ ला आपलं न्यूटन चिखली. १९५५ च्या फेब्रुवारीत झरियाकडच्या अमलाबादला स्फोट, ५२ माणसं. १९५६ च्या सप्टेंबरात बंगालमध्ये बुरा ढेमोला पुन्हा पाणी, २८ माणसं. १९५७ मध्ये कोळसा खाणींचे नवे नियम आले. त्याआधी वर्षभर, १९५६ मध्ये, खाणींवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था धनबादला सुरू झाली होती. खाण-अभियंते घडवणारं इंडियन स्कूल ऑफ माइन्स तर तिथे १९२६ पासूनच होतं.

१९५७ चे नियम बाबांच्या टेबलावर असायचे, इंग्रजी पुस्तक, पानं काळपट झालेली. त्यातलं पाण्याबद्दलचं थोडक्यात सांगतो, मापं आजची देतो. जुन्या पाणी भरलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. परवानगी मिळाली तरी गल्ली २.४ मीटरहून रुंद किंवा उंच करायची नाही. समोर मध्यभागी एक लांब भोक पाडत जायचं आणि दोन्ही बाजूंना दर पाच मीटरवर भोकं. ही भोकं कामाच्या तोंडापुढे किमान तीन मीटर कायम राहिली पाहिजेत. म्हणजे आंधळ्या माणसानं काठी पुढे टेकत जावं, तसं. पुढे पाणी असलं तर आधी त्या बारीक भोकातून कळेल, पाच-सहा फूट भिंत फुटून कळणार नाही. दोन खदानींच्या हद्दीवर दोघांनीही साडेसात साडेसात मीटर कोळसा सोडायचा, म्हणजे मधे पंधरा मीटरची धडधाकट भिंत राहते. आणि भूमिगत कामाचा नकाशा तीन महिन्यांहून जास्त जुना राहता कामा नये.

पण त्या पुस्तकातलं जे मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच आहे. सर्व्हेअरनं एक बांधलेली, पानांवर आकडे घातलेली वही ठेवायची. काम हद्दीपासून किंवा जुन्या पाण्यापासून साधारण ७५ मीटरवर आलं, की त्याची पूर्ण हकीकत तिच्यात लिहायची. आणि नकाशाच्या अचूकपणाबद्दल काहीही शंका असली, तर ती शंकाही त्याच वहीत लिहायची. मंडळी, मी आयुष्यभर सर्क्युलर वाचली. आकडा लिही, खात्री लिही, सही कर, असं सगळीकडे असतं. 'शंका असेल तर ती लिहून ठेव, आणि पान फाडता येणार नाही अशा वहीत लिही,' असं सांगणारा कायदा मी दुसरा पाहिला नाही.

बाबा तिला शंकेची वही म्हणत. तिची एक गोष्ट आमच्या घरात आहे.

साल १९६२ किंवा ६३. बाबांच्या खदानीत एक जुना भाग होता, फार आधी सोडलेला. त्याचा नकाशा होता, पण एका टोकाला दोन गल्ल्या नुसत्या तुटक रेघांनी दाखवलेल्या आणि पुढे कापड कोरं. नव्या कामाची आखणी करताना वरून निरोप आला, की त्या गल्ल्या तिथेच संपतात असं धरून रेघ पुरी करा, म्हणजे नकाशा स्वच्छ दिसेल आणि पुढचं काम मंजूर होईल. निरोप आणणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कोळशाचं टार्गेट होतं, आणि ज्यानं तो भाग खणला त्यांपैकी कुणी उरलं नव्हतं. बाबांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, मोजमाप नसलेली रेघ मी शाईनं काढणार नाही. पेन्सिलीनं काढतो आणि बाजूला लिहितो, 'मोजलेले नाही'.

ट्रेसर म्हणजे शेवटी कारकून. त्याचं ऐकतो कोण? पण तिथले सर्व्हेअर एक बंगाली गृहस्थ होते, बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांनी पेन्सिलीची रेघ पाहिली, काही बोलले नाहीत, कपाट उघडून ती वही काढली आणि शंका लिहून खाली सही केली. एकदा ती त्या वहीत गेल्यावर कुणाचाच इलाज नव्हता. नवी गल्ली अरुंद झाली, पुढे भोकं पाडत पाडत काम सुरू झालं. पंधरा दिवसांचं काम दोन महिने चाललं.

आता तुम्ही म्हणाल, भोकातून पाणी आलं असेल आणि सगळे वाचले असतील. तसं काही झालं नाही. सगळी भोकं कोरडी निघाली. त्या गल्ल्या खरंच तिथेच संपत होत्या. ऑफिसात बाबांची भरपूर चेष्टा झाली. 'नकशाबाबूचं तळं कुठे आहे?' असं लोक जाता-येता विचारायचे. त्या वर्षी त्यांची वाढ थोडी लांबली, असं आई म्हणायची. त्याचा संबंध याच्याशी होता की नव्हता, देव जाणे.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. मला बाबांची लाज वाटली होती, हे कबूल करतो. मी विचारलं, 'काहीच नव्हतं ना तिथे? मग कशाला एवढं केलंत?' बाबा म्हणाले, 'काही नाही हे आता माहीत आहे. आधी आपण नुसतं म्हणत होतो.' तेवढंच. मग उठून दिव्याची काच पुसायला लागले.

हे वाक्य मला कळायला वीस वर्षं गेली. शाखेत महिनोन्महिने खाती जुळवायची, शेवटी फरक शून्य निघायचा आणि नवा क्लार्क म्हणायचा, साहेब, एवढा वेळ फुकट गेला. त्या वेळी मला बाबा आठवायचे. सुरक्षेचं काम नीट झालं की हातात काहीच दिसत नाही. दिसतं ते न झाल्यावर.

तसं ते २७ डिसेंबर १९७५ ला दिसलं. धनबादजवळची चासनाला खदान. वरच्या जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून खाली आलं आणि ३७५ माणसं गेली. देशातल्या सगळ्यात मोठ्या खाण-दुर्घटनांपैकी ही एक. पुढे १९७९ मध्ये तिच्यावरून सुचलेला 'काला पत्थर' आला, अमिताभचा, तो आपण सगळ्यांनी पाहिला. तोवर १९५७ चे नियम येऊन अठरा वर्षं झाली होती. ६० मीटर, भोकं, वही, सगळं पुस्तकात होतं. बाबा तेव्हा निवृत्तीला आले होते. रेडिओवर बातमी लागली, ते ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, 'नकाशा काय सांगत होता?' मजुरांची संख्या नाही, दोष कुणाचा हे नाही, आधी हा प्रश्न.

२००१ च्या फेब्रुवारीत धनबादकडेच बागडिगीला शेजारच्या जुन्या खदानीचं पाणी फुटलं, २९ माणसं गेली. म्हणजे न्यूटन चिखलीनंतर सेहेचाळीस वर्षांनीसुद्धा तेच.

मग संशोधनानं काय केलं, असा प्रश्न येतो. मी मधल्या काळात नागपूरला जाऊन-येऊन असायचो. तिथे खाण-अभियांत्रिकी शिकवणारं कॉलेज आहे, धनबादच्या संशोधन संस्थेचं केंद्र आहे, पेंच-कन्हानच्या खदानी राष्ट्रीयीकरणानंतर ज्या कंपनीकडे आल्या तिचं मुख्यालयही नागपुरातच. माझ्या नात्यातला एक मुलगा या क्षेत्रात गेला. त्याच्याकडून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पूर्वी छत चांगलं की वाईट, हे जुना सिरदार काठीनं ठोकून आवाजावरून सांगायचा. छणछण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाहेर. १९८० च्या दशकात धनबादच्या लोकांनी त्याची गुणपत्रिका केली. दगडाच्या थरांची जाडी, ३० गुण. त्यातल्या भेगा आणि फाटे, २५. ओल लागली की दगड किती विरघळतो, २०. दगडाची ताकद, १५. पाझरणारं पाणी, १०. एकूण शंभर. आलेल्या गुणांवरून छताला आधार किती आणि कसा द्यायचा, याचा हिशेब. लाकडी टेकूंच्या जागी छतातच लोखंडी बोल्ट मारण्याची पद्धत रुळली, ती अशा हिशेबांच्या जोरावर. पिलर केवढा ठेवायचा याचंही तसंच. नियमात कोष्टक आहे : ४.८ मीटर रुंद गल्ली असेल, तर ६० मीटर खोलीपर्यंत पिलरच्या मध्यापासून पुढच्या पिलरच्या मध्यापर्यंत साडेएकोणीस मीटर, आणि ३६० मीटरच्या खाली ४८ मीटर. जितकं खोल, तितकं वरचं ओझं जास्त. पुढे प्रत्येक थराच्या कोळशाचे नमुने दाबून, फोडून, कोसळलेल्या आणि टिकलेल्या पिलरांची तुलना करून ताकदीची सूत्रं बसवली गेली.

मी त्याला विचारलं, की हे सगळं उत्तम, पण पाण्याचं काय? तो हसला. म्हणाला, काका, सगळी सूत्रं एका गोष्टीवर उभी आहेत, पिलर खरंच तिथे आहे आणि तेवढाच आहे, यावर. नकाशात पंधरा मीटर भिंत आणि प्रत्यक्षात तीन मीटर, तर सूत्र काय करणार? आता जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतात, लहरी सोडून त्यांचा परतावा पाहतात, त्यावरून पोकळी आणि पाणी कुठे असावं याचा अंदाज बांधतात. अंदाज चांगला येतो. पण शेवटचा शब्द अजूनही त्या भोकाचाच.

नकाशा खरा असला म्हणजे काय होतं, याचीही उदाहरणं आहेत, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसते मृत्यूच मोजतोय. १९८९ चा नोव्हेंबर, राणीगंजची महाबीर खदान. वरच्या जुन्या थरातलं पाणी खालच्या कामात शिरलं. सहा जण गेले आणि ६५ जण आत अडकले. ते खदानीतल्या उंच भागात जाऊन बसले होते. तो उंच भाग वर जमिनीवर नेमका कुठे येतो, हे नकाशावरून काढून तिथे भोक पाडलं. अन्न-पाणी सोडलं. मग मोठं भोक पाडून त्यातून माणूस उभा मावेल अशी लोखंडी कॅप्सूल खाली सोडली. खाण-अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः तिच्यात बसून खाली गेले आणि एकेक करून सगळे ६५ वर आले. २०२३ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. गिलसाहेबांचं धैर्य मोठंच. पण मला वाटतं, कॅप्सूल ज्या जागी उतरली ती जागा ज्यांनी मापं घेऊन कागदावर मांडली होती, त्या अनाम सर्व्हेअर-ट्रेसरांनाही त्यात थोडा वाटा द्यावा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जुलै २००२, पेनसिल्व्हेनियातली क्वेक्रीक खाण. शेजारच्या बंद खाणीचं पाणी फुटलं, नऊ जण अडकले. सत्त्याहत्तर तासांनी नऊही जण भोकातून, कॅप्सूलनंच, जिवंत वर आले. चौकशीत काय निघालं? बंद खाणीचा जो नकाशा त्यांच्याकडे होता तो शेवटचा नव्हताच. त्यानंतरही तिथे कोळसा काढला गेला होता. जास्त पुरा नकाशा सापडला एका लहान गावातल्या कोळसा-संग्रहालयात, जुन्या कागदांमध्ये. ज्या खाणकामगारांना त्याची गरज होती त्यांच्यापासून काही मैलांवर तो कागद पडून होता. श्रीमंत देश, यंत्रं सगळी, पण शिल्लक पुढच्या पानावर ओढायची राहून गेली होती.

एक गोष्ट मात्र माझ्या खात्यातली आहे, म्हणून शेवटी सांगतो. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, केंद्र सरकारच्या कोळसा मंत्रालयानं खाण बंद करण्याची योजना आधीच तयार ठेवण्याचा नियम केला. खाण चालू असतानाच दरवर्षी ठरावीक रक्कम बँकेत एस्क्रो खात्यात टाकायची. तेव्हाच्या दरानं उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये एकूण, त्याची वर्षावार विभागणी. खाण नीट बंद केली, जागा सुरक्षित केली, हे दाखवल्यावरच ते पैसे परत. बाबा असते तर खूश झाले असते. निघून जाणाऱ्यानं मागे काय सोडलं, याचा हिशेब पहिल्यांदा खतावणीत आला. पैशानं सगळं होत नाही हे मलाही कळतं, पण हिशेबात आलेली गोष्ट विसरायला जरा जास्त मेहनत लागते.

बाबा १९९१ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत दोन टाक, एक सुकलेली शाईची बाटली, पितळी कंपास आणि त्या नियमांचं काळपट पुस्तक निघालं. पाण्याच्या नियमाच्या पानावर समासात पेन्सिलीनं फक्त एक आकडा होता : ६३. मी आधी पान क्रमांक समजलो. मग लक्षात आलं.

दोनेक वर्षांपूर्वी मुलाबरोबर परासियाला जाऊन आलो. आमचं क्वार्टर पडलंय, शाळा आहे. चहाच्या टपरीवर एका पोराला विचारलं, इथे पाण्यात ६३ माणसं गेली होती, माहीत आहे का? तो म्हणाला, 'दादाजी बोलते थे कुछ.' त्याचे आजोबा कोण, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही, याची चुटपुट अजून आहे. कोण जाणे, त्या दूधवाल्या बाईच्या घरचाच असेल.

तर मंडळी, एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे परासिया, चांदामेटा, जुन्नारदेव किंवा इकडे उमरेड-चंद्रपूरकडे खदानीत कामाला होते, त्यांनी घरातल्या पेट्या एकदा उघडून पाहा. जुने नकाशे, मापांच्या वह्या, ट्रेसिंगचं कापड काही निघालं तर रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, आणि त्या भागातल्या खदानीच्या ऑफिसात किंवा धनबादच्या खाण-सुरक्षा खात्याकडे कळवा. आपल्याला तो जुना कागद वाटेल, पण त्यावरची एखादी तुटक रेघ अजून कुणालातरी हवी असू शकते. आणि न्यूटन चिखलीच्या वेळचं कुणाच्या घरी काही ऐकलेलं असेल, खाली गेलेल्यांची नावं कुणाला माहीत असतील, तर खाली जरूर लिहा. गणपतीच्या फोटोंबरोबर तीही नावं आपल्या आठवणींत असू देत.

चुकलं-माकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं. शंका असेल तर ती जरूर लिहावी.